वर्षभराच्या सेवेची तयारी : नगर जिल्ह्याचा अनुभव



समोरच्या दोन रांगांत बसलेली ही जी वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली आहेत, ती पुढच्या आठवड्यात एका वर्षाच्या ख्रिस्ती सेवेसाठी गावोगाव जाणार आहेत. कोणी वसतिगृहात, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. त्यांचं पाच दिवसांचं शिबिर चालू आहे आणि त्यातला एक तास मला दिलाय. आयोजक म्हणाले, सर, थोडा इतिहास सांगा. आता माझा मूळ विषय तत्त्वज्ञान. पण माणसाची तयारी होते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाही आहेच. ॲरिस्टॉटलने तो फार साधेपणाने मांडलाय. घर बांधता बांधताच माणूस गवंडी होतो, तसं चांगलं वागता वागताच चांगला होतो. आता पंचाईत अशी, की हे खरं असेल तर कामाला जाण्याआधीच्या पाच दिवसांत तुम्हाला आम्ही काय शिकवणार?

पंचाईत माझ्या अनुभवाची आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी एम.ए. करत होतो. आम्ही काही विद्यार्थी दुष्काळी कामावर सुकडी वाटायला गेलो होतो. आमचीही तयारी झाली होती बरं का, दोन भाषणं आणि एक छापील पत्रक. खडी फोडणाऱ्या एका आजीला मी मोठ्या उत्साहाने माझं नाव सांगितलं. तिने विचारलं, "किती दिस ऱ्हानार?" म्हटलं, पंधरा दिवस. तर म्हणाली, "मंग तुजं नाव ध्यानात ठिऊन काय करू?" आणि पुढची खडी फोडायला लागली. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, तिचा हिशेब होता. तुम्हाला पंधरा दिवस नाहीत, एक वर्ष आहे. पण प्रश्न तोच येणार.

आपला जिल्हा, आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी मात्र अजून नगरच येतं, या बाबतीत फार श्रीमंत आहे. सेवेसाठी माणसं तयार करण्याचे इतके वेगवेगळे प्रयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झाले असतील असं मला वाटत नाही. त्यातले फसलेलेही बरेच आहेत. दोन्ही सांगतो.

सुरुवात १८३१ ची. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईत १८१३ पासून होते, पण घाटावर ठाणं नव्हतं. १८३१ च्या अखेरीस ग्रेव्ह्‌ज, रीड आणि हर्वी हे तिघे नगरला आले. यातल्या विल्यम हर्वींची गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. ते मुंबईत उतरले १८३१ च्या मार्चमध्ये. दोन-अडीच महिन्यांत त्यांची पत्नी वारली. वर्षाअखेर ते नगरला पोचले आणि १८३२ च्या मे महिन्यात कॉलऱ्याने गेले. म्हणजे या देशात त्यांची सेवा जेमतेम एक वर्ष. तुमच्या इतकीच! हर्वींची तयारी काय कमी होती? कॉलेज झालं होतं, धर्मशास्त्र झालं होतं, चारेक महिन्यांचा समुद्रप्रवास झाला होता. पण मराठी नीट जिभेवर बसण्याआधीच वेळ संपली.

या मंडळींबरोबर एक माणूस होता, बाबाजी रघुनाथ. ब्राह्मण घरातला, मुंबईत ख्रिस्ती झालेला. परक्यांना गाव समजावून सांगणारा तो. कुठल्या आळीत कसं बोलायचं, कोण काय म्हणाला, त्याचा खरा अर्थ काय, हे सगळं त्याच्या भरवशावर चालायचं. १८३३ मध्ये तोही कॉलऱ्यानेच गेला. हॉलिस रीड यांनी त्याचं चरित्र इंग्रजीत लिहिलं आणि ते अमेरिकेत छापलं गेलं. मी ते वाचताना एक गंमत सतत जाणवते. रीड समजतात की आपण बाबाजीला घडवतोय. पण नगरच्या रस्त्यावर कोण कोणाला तयार करत होतं, हे पाहणाऱ्याला वेगळंच दिसलं असतं.

मग सिंथिया फरार. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ पासून नगरला. अविवाहित बाईला परदेशी पाठवावं की नाही याबद्दलच तेव्हा बोर्डाला शंका असे. त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथेच त्यांचा शेवट झाला. म्हणजे नगरला वीसहून जास्त वर्षं. जोतीराव फुले १८४८ साली नगरला आले असताना त्यांनी ही शाळा पाहिली. त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवलंय. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे इथे फरारबाईंकडे घेतले असं चरित्रकार सांगतात. आता, पुण्याहून आलेल्या या तरुण बाईला इथे काय मिळालं असेल? माझा तर्क असा, की वर्ग चालताना पाहायला मिळाला. मुली येतात, बसतात, रडतात, पाटीवर अक्षर काढतात, एखादीला बाप मधूनच उठवून नेतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा भरते. पुस्तकात हे लिहिता येत नाही. पुढे पुण्यात सावित्रीबाईंनी जे सोसलं त्याची तालीम मात्र कोणी करून घेतली नसणार. ती कोणी करून घेऊही शकत नाही.

मधली पन्नासेक वर्षं मी भराभर सांगतो. मिशनच्या लक्षात आलं की काम इथल्याच माणसांनी करायचं. १८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांना नगरला पाळकपदाची दीक्षा दिली गेली. खेड्यांत शिक्षक आणि उपदेशक नेमले गेले, घराघरांत जाणाऱ्या बायबलबाया आल्या. कृष्णराव सांगळे आणि मंडळींनी कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढवला. १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी इथे धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. तयारीला आता इमारत मिळाली, अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा आली. हे सगळं आवश्यकच होतं, मी त्याची टवाळी करणार नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत.

पण त्याबरोबर पगारही आला. आणि इथे एक गाठ बसली, ती अजून पुरती सुटलेली नाही. नेवासे, वडाळा, राहुरी, शिरूर या पट्ट्यात ख्रिस्ती झालेले लोक बहुसंख्य महार आणि मांग समाजातले. शिकून बाहेर पडणारा सेवक पगारी. गावाने त्याला कसं ओळखायचं? आपला माणूस म्हणून, की बंगल्यावरच्या साहेबाचा माणूस म्हणून? दुष्काळात तर हा प्रश्न फारच टोकदार व्हायचा, कारण धान्यही त्याच दारातून यायचं. देणारा आणि घेणारा अशी उतरंड तयार झाली, की सेवा हा शब्द हळूहळू हुद्द्यासारखा वापरला जातो.

आता मी ज्यासाठी थांबणार होतो तिथे आलो.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ च्या फेब्रुवारीत झाला, आणि ते नगरला आले. लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहून मग त्यांच्याकडे आल्या. आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय? हात वर करा. तीन... चार. बरं, शिबिर संपण्याआधी वाचा, हीच तुमची गृहपाठाची वही समजा. त्यात राहुरीच्या मुक्कामातला एक प्रसंग आहे. बाई विचार करतात की ही जात देवाने केली की माणसाने? विचार करता करता त्यांच्या मनाचं उत्तर ठरतं, आणि त्या ठरवतात की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. टिळकांनी त्यांना किती उपदेश केला असेल! ते कवी, वक्ते, वादात हार न मानणारे. पण हे त्या उपदेशाने झालं नाही. स्वतःच्या चुलीपाशी, स्वतःच्या पाण्याच्या भांड्यापाशी झालं. पुढे या घरात पोरकी मुलं आली, वाढली, जेवली. त्या सगळ्या सेवेची तयारी कुठल्या वर्गात झाली असं विचाराल तर मी राहुरीचं ते स्वयंपाकघर दाखवीन. आणि हेही ध्यानात घ्या, की त्या तयारीत बाईंना नवं काही मिळालं नव्हतं, हातातलं एक काहीतरी खाली ठेवावं लागलं होतं.

टिळकांना पगाराची ती गाठ फार बोचत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र यायचं, काम करायचं, पगार नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. तो अयशस्वी झाला असं म्हणणारे आहेत. हिशेबाने बरोबरही आहे. पण नगरला त्या वेळी एक इंग्रज पाळक राहत होता, जॅक विन्स्लो. टिळकांचा त्याच्यावर इतका परिणाम झाला की त्याने पुढे त्यांचं चरित्र लिहिलं, आणि १९२२ मध्ये इथेच, नगरला, 'ख्रिस्त सेवा संघ' सुरू केला.

या संघाची तयारीची पद्धत बघा. इंग्रज आणि हिंदी माणसं एका छपराखाली. खादीचे कपडे, जमिनीवर बैठक, हाताने शाकाहारी जेवण. काही काळ एकत्र प्रार्थना आणि अभ्यास, मग गावोगाव हिंडणं, मग पुन्हा एकत्र. आज हे ऐकून तुम्हाला विशेष वाटणार नाही, पण १९२२ मध्ये साहेबाने आपल्या हिंदी सहकाऱ्याशेजारी मांडी घालून जेवणं ही घटना होती. संघ पुढे पुण्याला हलला. तिथे १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण दाखल झाला, व्हेरिअर एल्विन. हुशार, धर्मशास्त्रात पारंगत, प्रार्थनामय जीवनाची ओढ असलेला. काही आठवड्यांत तो साबरमतीला गेला, गांधीजींना भेटला, आणि त्याची गाडी रुळावरून गेली म्हणा किंवा रुळावर आली म्हणा. त्याने संघ सोडला आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर मंडला भागातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. पुढे त्याने पाळकपदही सोडलं. ज्या कामासाठी त्याला तयार केलं ते त्याने केलं नाही. आयोजकांनी ऐकून ठेवावं, हा धोका प्रत्येक चांगल्या शिबिरात असतो. (हशा)

एल्विनचं नाव जगात झालं. शामराव हिवाळ्यांचं किती जणांना ठाऊक आहे? पण करंजियाचा दवाखाना, आश्रम, रोजचे लोक, त्यांची भांडणं आणि आजारपणं, याचा मोठा भार त्यांच्यावर होता. बाबाजी रघुनाथची आठवण येते की नाही?

आता जामखेड. इथे मी घड्याळाकडे बघणार नाही.

डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले. त्यांनी आणि डॉ. मेबल यांनी वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलं, आणि १९६० मध्ये लग्न करताना खेड्यातल्या उपेक्षितांसाठी आयुष्य द्यायचं असं दोघांनी मिळून ठरवलं. साठीच्या दशकात ते वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. दिवसरात्र राबत होते. आणि बघत काय होते, तर बरं करून घरी पाठवलेलं मूल तोच आजार घेऊन परत येतंय. दवाखाना भरलेला, गाव होतं तसंच. मग ते अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन काम सुरू केलं. सुरुवात गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीतून झाली.

पहिला बेत सरळ होता. शिकलेल्या नर्स खेड्यांत ठेवायच्या. तो फसला. नर्स परगावची, एकटी, गावात तिला सुरक्षित वाटेना. गावालाही ती आपली वाटेना. तिची तयारी पूर्ण होती, प्रमाणपत्र होतं, तरी काम होईना. तेव्हा गावातूनच सूचना आली की आमच्यातलीच एखादी बाई घ्या की. अशा ज्या बायका गावांनी निवडून पाठवल्या त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. निवड गावाने केली, हे विसरू नका. 'किती दिवस राहणार?' हा प्रश्न त्यांना कोणी विचारणार नव्हतं, त्यांचं घरच तिथे.

त्यांचं प्रशिक्षण आठवड्याच्या आठवड्याला असे. जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, थोडं शिकायचं, गावी परत जायचं, तेवढंच करून बघायचं, आणि पुढच्या आठवड्यात अडलेलं घेऊन परत यायचं. मुलांचं वजन कसं घ्यायचं, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात स्वच्छता कशी राखायची, कुष्ठरोगाचा डाग कसा ओळखायचा. निरक्षर बाईला एकदम तीन महिन्यांचं ज्ञान दिलं असतं तर ते ओझं झालं असतं. तिला एका आठवड्यापुरतं दिलं गेलं आणि ते तिने वापरून टाकलं. मला यात ॲरिस्टॉटलचा गवंडी दिसतो. आणि तुम्ही बायबल वाचणारे आहात म्हणून सांगतो, येशूने बारा जणांना दोघं-दोघं करून पाठवलं, आणि ते परत येऊन काय काय केलं ते सांगू लागले, अशी हकिगत मार्कात आहे. आपण पाठवण्यावर प्रवचनं करतो. परत येऊन सांगण्यावर कोणी करत नाही.

पण वजनकाट्याआधी आणखी एक धडा होता. या बायका वेगवेगळ्या जातींच्या. सुरुवातीला एका पंगतीला बसायला तयार नव्हत्या. एका खोलीत शेजारी शेजारी झोपणं तर लांबच. आरोळ्यांनी यावर भाषण दिलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि आपापला डबा वेगळा उघडला असता. तिथे एकत्र राहणं, एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र झोपणं हाच प्रशिक्षणाचा भाग होता. हळूहळू, आठवड्यामागून आठवडे, ते झालं. कारण साधं आहे. गावी जाऊन हिला दलित वस्तीतल्या बाळंतिणीजवळ बसायचंय, आणि तिला पाटलाच्या वाड्यात शिरायचंय. पंगतीत जे जमलं नाही ते उंबऱ्यावर कसं जमणार?

त्याच दुष्काळात, म्हणजे मी सुकडी वाटत होतो त्याच काळात, तिथे कूपनलिका खोदल्या गेल्या. त्या दलित वस्तीत पाडल्या जातील हे पाहिलं गेलं. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिथे यावं लागे. राहुरीत लक्ष्मीबाईंनी एकटीने जे ठरवलं होतं, ते इथे हंडे-कळशा घेऊन अख्खं गाव करायला लागलं, कोणी मनापासून, कोणी नाइलाजाने.

परिणाम सांगतो, कारण नुसत्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. कामाच्या सुरुवातीला, १९७१ मध्ये, या गावांत जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदीच्या दशकाअखेर हा आकडा तिशीच्या खाली आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातल्या निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव आशा ताई दिसतात, त्या कल्पनेच्या मागे ज्या प्रयोगांचा हात आहे त्यात जामखेड ठळक आहे. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जामखेडचा धडा जसाच्या तसा तुम्हाला लागू होत नाही. तुम्हाला गावाने निवडलेलं नाही, तुम्ही स्वतःहून निघालात. तुम्ही नर्सबाईच्या जागी आहात, गावातल्या बाईच्या नाही. हे थोडं कडू आहे, पण शिबिराच्या पाचव्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मग वर्षभरासाठी येणाऱ्या परक्याने करायचं काय? माझ्या मते त्याने पहिल्या महिन्यात गावातला बाबाजी शोधावा, शामराव शोधावा, गावातली ती बाई शोधावी. ती असतेच. तुम्ही पोचण्याआधीपासून काम करत असते, फक्त तिला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. तिच्या हाताखाली काम करा. वर्षाअखेर तुमच्या अहवालात तुमच्यापेक्षा तिचं नाव जास्त वेळा आलं, तर मी तो अहवाल आनंदाने वाचीन.

आणि जेवण. तुमच्यातल्या काहींना वसतिगृहात वेगळी खोली आणि वेगळा डबा मिळेल. व्यवस्थापनाचा हेतू चांगला असतो, पाहुण्याला त्रास नको. पहिल्याच दिवशी तो डबा नम्रपणे नाकारा. तब्येतीची पथ्यं असतील तर गोष्ट वेगळी. मी मधुमेही आहे, मला लागू नाही. (हशा)

शेवटी आयोजकांशी सकाळी झालेलं बोलणं सांगतो, त्यांची परवानगी घेतलीय. मी विचारलं, ही मुलं परत एकत्र कधी येतात? म्हणाले, वर्ष संपल्यावर, समारोपाला. मी म्हटलं, मग यांना अडलेलं ती कोणाला सांगणार? महिन्यातून एकदा तरी बोलवा, एक रात्र मुक्काम, एकत्र स्वयंपाक. ते म्हणाले, सर, प्रवासखर्चाची तरतूद नाही. मी म्हटलं, पाच दिवसांचं शिबिर दोन दिवसांचं करा, उरलेल्या तीन दिवसांच्या पैशात एस.टी.ची बरीच तिकिटं येतील. सचिवांनी कागद काढून तिथेच हिशेब मांडला. सहा वेळा बोलावता येईल असं निघालं. कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणालेत. मुलांनो, तुम्हीही विचारत राहा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्या.